पाच दाणे माघारी

वडगावात करंट गेला की पहिल्यांदा कान भांबावतात. दिवसभर गल्लीत पॉवरलूमची खटखट चाललेली असते. ती एकदम थांबते, आणि मग पलीकडच्या घरात कुणी पाण्याचा तांब्या खाली ठेवला तरी ऐकू येतो. त्या रात्री साडेआठच्या सुमाराला तसंच झालं. निपाणीहून मारुतीरावांच्या बहिणीची पोरं दोन दिवसांसाठी आली होती. टीव्ही बंद, मोबाईलची बॅटरी तळाला, तेव्हा कुठं त्यांना मामा आठवला. चौघंजण पायरीवर येऊन बसले. आत जयाबाई मेणबत्तीच्या उजेडात भाकऱ्या थापत होत्या.

"मामा, भुताचं सांगा की काहीतरी," थोरला युवराज म्हणाला.

"भूत कशाला पाहिजे? तुझा डिप्लोमाचा निकाल हाय की. तो बघून तुझी आई आठ दिवस झोपली न्हाय."

पोरं हसली. मारुतीरावांनी उपरणं गुडघ्याभोवती गुंडाळलं. शहापुरातल्या साडीच्या दुकानात तीस वर्षं घड्या घातलेला माणूस. गिऱ्हाईक काय घेणार ते त्याच्या चपलांवरून ओळखायचे. गल्लीत कुणाकडं पाहुणा आला की त्या घरातल्या चहाच्या आधी मारुतीरावांना बातमी असायची.

"सांगतो. पण हे घडलेलं हाय. माझ्या ओळखीच्या माणसाला. दोन हजार चोवीस साल, डिसेंबरची सतरा तारीख, मंगळवार. अमावस्या-बिमावस्या काय न्हवती, आधीच सांगून ठेवतो."

"ओळखीचा म्हंजे कोण?"

"एक शेजारी."

"कुणाचा शेजारी?"

"शेजारी म्हटल्यावर शेजाऱ्याचाच असणार की. लई आगाऊ माणूस. कुणी विचारू दे न्हायतर न्हाय, हा सांगणारच."

"म्हंजे तुम्हीच की मामा!"

"ऐकायचं हाय, का जाऊ जेवायला?"

पोरं सरकून जवळ बसली. मारुतीरावांनी एकदा पलीकडच्या घराच्या बंद दाराकडं बघितलं, आवाज जरा खाली आणला, आणि सांगायला सुरुवात केली.

तर या शेजाऱ्याच्या ओळखीत एक विणकर होता, किशन नावाचा. घरात चार माग, बायको नीलम, आणि सहा वर्षांची एकुलती एक पोरगी. पूर्णिमा. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. नीलमनं कुठला देव सोडला नव्हता. पोर झाली त्या दिवशी किशननं सगळे माग बंद ठेवले आणि गल्लीला पेढे वाटले. असं ते लेकरू.

डिसेंबरात तिला ताप भरला. दोन दिवस घरीच औषध दिलं. तिसऱ्या दिवशी छाती खालीवर व्हायला लागली, तसं गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया. आत काचेच्या खोलीत ठेवलं, तोंडाला मशीन लावलं. नाजूक मनगटाला नावाची प्लास्टिकची पट्टी अडकवली. एकदा अडकवली की ती पट्टी कात्रीनं कापल्याशिवाय निघत नाही, घरी सोडताना कापतात. नीलमला दिवसातून दोनदा दहा मिनिटं आत सोडायचे. ती त्या दहा मिनिटांत काही बोलायची नाही. पट्टीवरचं नाव बोटानं गिरवत बसायची.

मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी किशनला बाजूला घेतलं. म्हणाले, आम्ही प्रयत्न करतोय, पण आजची रात्र जड आहे. आजची रात्र निघाली तर मग बघू.

शेजारी डबा घेऊन गेला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. गावात विधानसभेच्या अधिवेशनाचा बंदोबस्त, रिक्षावाल्यानं लांबनं फिरवून नेलं. डब्याबरोबर बायकोनं आणखी एक पिशवी दिली होती. पिशवीत नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदकुंकवाची पुडी आणि एक हिरवा ब्लाऊजपीस. किशनच्याच मागावरच्या साडीचा, लाल काठाचा. आणि एक छोटी स्टीलची डबी. रिकामी.

"ही रिकामी डबी कशाला?" शेजाऱ्यानं घरातनं निघताना विचारलं होतं.

"नीलमला कळतंय," बायको म्हणाली. "कॅम्पातल्या मोठ्या चर्चात मेरीआई हाय. हॉस्पिटलपासनं जवळच. तिची ओटी भरायला सांगा तिला. चुकवू नका."

हॉस्पिटलात साफसफाईची वेळ झालेली. वॉचमननं सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढलेलं. किशन आणि नीलम फूटपाथवर पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. तीन दिवस अंगावर तेच कपडे. आत सोडणार साडेसातला. शेजाऱ्यानं डबा पुढं केला. कुणी हात लावला नाही.

"नीलम, दोन घास खा गं."

"नको आप्पा."

"मग चल, उठ. पाच मिनिटांवर ते मोठं चर्च हाय. लोक गोव्यास्न बघायला येत्यात. जरा बघून येऊ."

नीलमनं त्याच्याकडं असं बघितलं की शेजाऱ्याला वाटलं, जमीन फाटावी. "आत माझी लेक मशीनवर हाय, आणि मी चर्च बघत फिरू व्हय?"

"बघायला न्हवं गं बाई. तिथं मेरीआई हाय. मांडीवर लेकरू घेऊन बसलेली. जयाबाईनं ओटीचं सामान दिलंय बघ."

नीलमनं पिशवीत बघितलं. हिरव्या ब्लाऊजपीसवर हात ठेवला. मग किशनला म्हणाली, "आपलं चालतंय का तिथं?"

"आईला काय जात अस्ती व्हय?" शेजारीच बोलला. किशन नुसता चालायला लागला.

ते चर्च तुम्ही लांबनं बघितलंय. काळ्या दगडाचं, दोन उंच मनोरे. फाटकावर पाटी, बघायला येणाऱ्यांसाठी वेळ चार ते साडेसहा. शेजारी तीन वर्षांपूर्वी नाताळात एकदा आत जाऊन आलेला. तेवढ्यावर तो आता गाईड झाला.

"इंग्रजांच्या काळातलं हाय. याला गोथिक म्हणत्यात."

"गोथिक म्हंजे?" किशननं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं बिचाऱ्यानं.

"म्हंजे... टोकदार."

नाताळाची तयारी चालली होती. मोठ्या दाराला वर चढायला बांबूचा पहाड बांधलेला, वर चांदणी टांगायची होती, म्हणून पुढचं दार बंद. बाजूच्या लहान दारातनं आत जायचं होतं. दारात इनास म्हणून म्हातारा बसला होता. तिथली झाडलोट, कुलपं, घंटा सगळं त्याच्याकडं. तिघांनी देवळात जातात तशा चपला बाहेर काढल्या. इनास म्हणाला, "राहू देत पायात, इथं चालतं." पण नीलमनं ऐकलं नाही. फरशी बर्फासारखी होती.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवली ती शांतता. मागाच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला असली शांतता सोसत नाही, कानात शिट्टी वाजायला लागते. खांब दगडी, आणि ते वर वर जात एकमेकांकडं झुकलेले. नमस्काराला हात जोडल्यावर बोटं वर भिडतात ना, तशा कमानी. किशननं मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडातनं आपण होऊन शब्द आला.

"आप्पा, हे छत बघा. ताणा लावल्यागत दिसतंय. सगळे धागे एका जागी ओढल्यागत."

पश्चिमेच्या रंगीत काचांतनं शेवटचा उजेड येत होता. लाल, निळा. तोही बघता बघता विझत चाललेला. सहा वाजून पाच मिनिटं.

आता शेजाऱ्याच्या डोक्यात पक्कं होतं की आत शिरलं की डाव्या हाताला, कोनाड्यात, मेरीआई. तीन वर्षांपूर्वी तो मोठ्या दारातनं शिरला होता. आज शिरला बाजूच्या दारातनं. डावा हात कुठं गेला आणि मेरीआई कुठं राहिली, हे त्यानं कुणाला विचारायला पाहिजे होतं. इनास दारातच होता. पण या माणसाला विचारायची सवय नव्हती. सांगायची होती.

डाव्या हाताला, लांब, खांबांच्या मागं एक कोनाडा होता. तिथं अंधार जास्त. आत पांढऱ्या संगमरवराची बाई बसलेली. डोक्यावरनं पदरासारखं वस्त्र, मान खाली घातलेली. आणि मांडीवर...

तिघांनी बघितलं. शेजाऱ्यानं बघितलं, किशननं बघितलं, नीलमनं तर त्या लेकराच्या पायाला हात लावल्यासारखं केलं. मांडीवर लेकरू होतं. दुपट्यात गुंडाळलेलं.

"हीच गं," शेजारी म्हणाला. "भर."

नीलमनं पदर डोक्यावर घेतला. बाईच्या पायाशी हळदकुंकू वाहिलं. ब्लाऊजपीस मांडीवर पसरला, त्यावर नारळ ठेवला, सुपारी, हळकुंड. मग ओंजळीनं तांदूळ. एक. दोन. तीन. दाणे बोटांतनं खाली फरशीवर सांडत होते. पाच ओंजळी झाल्यावर तिनं कपाळ त्या दगडी गुडघ्याला टेकलं.

"आई, तुझी मांडी भरली हाय. माझी रिकामी करू नको. तिला घरी येऊ दे. तू पण ये. माहेर समजून ये माझ्या घरी. दर वर्षाला तुझी ओटी भरीन. एवढं कर..."

पुढचं ऐकवत नव्हतं. किशन खांबाला तोंड लावून उभा राहिला.

तेवढ्यात घंटा झाली. साडेसहा. लांबनं इनास ओरडला, "चला, बंद करायचं हाय!"

"चल, चल नीलम, बंद करालेत," शेजारी घाई करायला लागला. ती उठली. एकदा मागं वळून काहीतरी करायला हात पुढं केला. पण शेजाऱ्यानं तिचं मनगट धरलं आणि बाहेर आणलं.

मनगट त्यानं धरलं, पोरांनो. हे ध्यानात ठेवा.

साडेसात म्हणता म्हणता पावणेआठला नीलमला आत सोडलं. किशन आणि शेजारी काचेबाहेर. आतली सिस्टर गोकाककडची, तिचं मराठी कानडी वळणाचं. ती नीलमला म्हणाली, "मॅडम, तुमची आई आली होती काय? असं विचारल्याशिवाय आत यायचं नाही."

"माझी आई जाऊन पाच वर्षं झाली," नीलम म्हणाली.

"मग कोण ती? पांढरं कापड डोक्यावर. पायात चप्पल नाही. बेबीचा हात धरून बसली होती. मी सलाईन बदलून वळले, तर नव्हती."

"कधी?"

"मगाशी. पावणेसातला."

काचेबाहेर सगळं ऐकू येत होतं. शेजाऱ्यानं मनाची समजूत घातली की मेरीआईच आली. नवसाला पावली. किशनलाही तसंच वाटलं असणार. त्यानं काचेला हात जोडले.

आणि तेव्हाच शेजाऱ्याचा फोन वाजला. बायकोचा.

"भरली काय ओटी?"

"भरली की. फूटभर लांबनं दर्शन झालं. पांढरीशुभ्र मूर्ती..."

"पांढरी?" बायको थांबली. "मेरीआई पांढरी कुठं हाय? तिचा झगा निळा हाय. रंगवलेली हाय ती. पुढं मेणबत्त्यांचं स्टँड असतंय. मी दोनदा गेले न्हवं का."

शेजाऱ्यानं कोनाडा आठवून बघितला. कोनाड्यात एकसुद्धा मेणबत्ती नव्हती.

"अहो, ऐकालासा न्हवं? कुणाची भरली ओटी? आणि ते असू दे. पाच दाणे माघारी घेतले काय डबीत?"

"कसले दाणे?"

"ओटी भरली की त्यातले पाच दाणे माघारी घ्यायचे असत्यात. घरच्या डब्यात टाकायला. आपलं घर अख्खं कुणाच्या पदरात घालत न्हाईत. त्याला तर डबी दिली हुती..."

शेजाऱ्यानं पिशवीत हात घातला. डबी लागली. गार. रिकामी.

नीलमचं मागं वळणं, पुढं केलेला हात, ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

काचेच्या आत मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावली. दुसरी आली. डॉक्टर आले. नीलमला बाहेर ढकललं. सिस्टरनं पडदा ओढेपर्यंत नीलम एकच बोलत होती, "तिचा हात गार पडलाय, तिचा हात दगडागत गार पडलाय..."

शेजारी पळाला. साठ वर्षांचा माणूस, जिना उतरून, रस्ता ओलांडून. मोटारी करकरून थांबल्या, कुणीतरी कानडीत शिवी घातली. चपला कुठं गेल्या कळलं नाही.

आठ वाजून पाच मिनिटं. फाटक बंद. इनास पायरीवर बसून चांदणीत बल्ब बसवत होता.

"इनासमामा, दार उघडा. पाया पडतो तुमच्या."

"उद्या चारला या."

"उद्या न्हाय हो! पोर जायला लागलीय!"

इनासनं त्याच्या अनवाणी पायांकडं बघितलं. काही न विचारता किल्ल्यांचा जुडगा उचलला.

आत मिट्ट काळोख. मोबाईलची बॅटरी लावली. खांबांच्या सावल्या छतावर पळायला लागल्या. शेजारी पुढं, इनास मागं. पावलांचा आवाज दोघांच्या पावलांपेक्षा जास्त येत होता. दगडी जागा, घुमत असणार... असणार.

कोनाडा आला. शेजाऱ्यानं उजेड वर केला.

"इथं? इथं कशाला आलतासा तुम्ही?" इनासचा आवाज बदलला. "ही मेरीमाय न्हवं. हे थडगं हाय. इंग्रज साहेबाच्या बायकोचं. तिचं तान्हं लेकरू तापानं गेलं, आणि अकराव्या दिवशी ही गेली. साहेबानं दगडात दोघांना घडवायला सांगितलेलं. पण पाथरवटाला बाळ काही जमलं न्हाय. दोनदा फुटलं. मग तसंच ठेवलं."

"तसंच म्हंजे?"

"बघा की. मांडी मोकळी हाय. माझ्या आज्ज्यापासनं मोकळीच हाय."

शेजाऱ्यानं बघितलं. मांडी मोकळी होती. लेकरू नव्हतं. नारळ नव्हता. हिरवा ब्लाऊजपीस नव्हता. तांदळाचा एक दाणा नव्हता. खाली फरशीवर सांडलेलेसुद्धा नव्हते.

"इनासमामा, तुम्ही झाडलं काय?"

"मी इकडं संध्याकाळनंतर येत न्हाय," इनास म्हणाला. त्यानं छातीवर क्रूस काढला. चार पावलं मागं सरला. मग आणखी चार.

दीडशे वर्षं रिकाम्या मांडीनं बसलेली बाई. तिची कुणी कधी ओटी भरली नव्हती. आणि आम्ही जाऊन भरली. पाच ओंजळी. वर आवतण दिलं. आणि आपल्यासाठी एक दाणासुद्धा ठेवला नाही.

मी गुडघ्यावर बसलो.

पायरीवरच्या कुणीही त्या 'मी'ला हसलं नाही. मारुतीरावांनाही तो ऐकू आला नसावा.

डबी उघडली. तिच्यापुढं धरली. काय बोलायचं कळेना. इंग्रजी येत नाही. ती मराठी कशी समजणार? पण पोर गेलेल्या बाईला काय समजत नसतं?

"बाई... आमच्यात सगळी ओटी नेत न्हाईत. पाच दाणे माघारी देत्यात."

काही नाही.

"चूक माझी हाय. मी दावली जागा. मी हात धरून ओढली तिला. तिचं काय न्हाय त्यात."

काही नाही... कुठंतरी पाणी ठिबकत होतं.

"नऊ वर्षांनी झालंय हो. तुम्हाला एक... तुमचं पण एकच हुतं. तुम्हाला ठाऊक हाय..."

मोबाईल विझला. बॅटरी भरलेली होती. आपोआप विझला.

अंधार.

माझा हात पुढं होता. डबी हातात. आणि... समोरनं गारवा आला. विहिरीत वाकल्यावर येतो तसा. कुणीतरी श्वास घेतला. माझा नव्हता. इनास तर लांब होता.

मग बराच वेळ...

मारुतीराव थांबले. आत भाकरी थापायचा आवाजही थांबला होता.

"मग?" युवराजनं अगदी हळू विचारलं.

"मग फोन वाजला. विझलेला फोन. किशनचा. नुसतं रडणं. 'आप्पा...' एवढंच. मी डबीत बोट घातलं. रिकामी. एक दाणा न्हाय. मला वाटलं, झालं. संपलं सगळं. मी तिथंच बसून राहिलो असतो. इनासनं काखेत हात घालून बाहेर आणलं."

हॉस्पिटलात पोहोचलो तर नीलम भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे. किशन तिच्या पायाशी. डॉक्टर बाहेर आले. घामानं भिजलेले. म्हणाले, आठ पंचविसाला ठोके थांबले होते. तीन मिनिटं. आता परत आलेत. कसे आले विचारू नका.

आणि पाठोपाठ ती गोकाकची सिस्टर आली. लई रागात.

"अक्की यार कोट्टारी? ही काय पद्धत? तांदूळ कोणी दिले बेबीच्या हातात?"

तिच्या तळहातावर दाणे होते. हळदकुंकू लागलेले. पोरीची मूठ घट्ट मिटलेली होती, उघडून काढले म्हणाली.

नीलमनं मोजले. पाच.

ती तेव्हा रडली. हॉस्पिटल दणाणून जाईल अशी रडली. मी पण.

सिस्टरची बडबड चालूच होती. "आणि नावाची पट्टी कुणी काढली? नवीन घालावी लागणार आता." तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं तिच्याकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेलो, तर इनास हॉस्पिटलच्या दारात उभा. मला शोधत आलेला. रात्रभर झोपला नव्हता. म्हणाला, "एकदा चला." मी नको म्हणत होतो. पण गेलो.

उजेडात ती बाई साधीच दिसत होती. मान खाली घातलेली. दोन्ही दगडी हात मांडीवर. आणि उजव्या हाताखाली प्लास्टिकची पट्टी. निळी अक्षरं. पूर्णिमा किशन, वय सहा. पट्टी कापलेली नव्हती. अडकवली तशीच, गोल. हाताच्या वर नव्हती, पोरांनो. खाली होती. दगडी बोटं आणि दगडी मांडी यांच्यामधे. तिथं सुईसुद्धा जाणार नाही अशी जागा. एकाच दगडात घडवलेलं ते.

इनासनं ओढून बघितली. आली नाही. म्हणाला, "अर्धं दिलं, अर्धं ठेवलं. तुमच्यात तसंच असतंय न्हवं?"

अजून हाय तिथंच.

मारुतीरावांनी उपरणं पुन्हा आवळलं. सर्वांत धाकटा युवराजला चिकटून बसला होता.

"आणि ती पोरगी?" युवराजनं विचारलं.

"बरी हाय. आठव्या दिवशी घरी आली. खाती, खेळती, शाळेला जाती. मागच्या चाचणीत पहिली आली."

"मग झालं तर. चांगलंच झालं की."

मारुतीराव पलीकडच्या दाराकडं बघत राहिले.

पलीकडच्या घराचं दार वाजलं. अंधारातनं एक पोरगी आली, हातात झाकलेली वाटी. दोन दिवस या पोरांबरोबर लंगडी खेळणारी, शेजारची चिमी.

"आप्पा, आईनं झुणका दिलाय पाव्हण्यांना."

"ठेव आत, जयाआज्जीकडं. पडशील, दिवा न्हाय."

ती टुणटुणत आत गेली. आतनं जयाबाईंचा आवाज आला, "नीलमला सांग गं, वाटी सकाळी देते म्हणून. आणि किशनला भाकरी पाहिजे काय विचार."

पायरीवर चौघांनी एकमेकांकडं बघितलं.

चिमी बाहेर आली. त्यांच्या अंगावरनं उडी मारून गल्लीत उतरली आणि आपल्या घराकडं निघाली. युवराजनं मामाकडं बघितलं. मारुतीराव मान हलवून नको म्हणत होते. पण ते पोरगं मामाच्याच वळणाचं.

"पूर्णिमा," त्यानं हाक मारली.

ती चालत राहिली.

"ए पूर्णिमा!"

शांत गल्लीत हाक दोन्ही टोकांना जाऊन आली. समोरच्या घरातली म्हातारीसुद्धा खिडकीत आली. चार हातांच्या अंतरावर चाललेल्या त्या पोरीनं मान वळवली नाही, पाऊल थांबवलं नाही. भलत्याच कुणाला हाक मारत असावेत, तशी ती चालत होती.

"दीड वर्षं तिची आई रोज एकदा त्या नावानं हाक मारून बघती," मारुतीराव म्हणाले. "कान तपासून झाले. कानाला काय झालेलं न्हाय." मग त्यांनी हलकेच हाक घातली, "चिमे."

पोरगी लगेच वळली. अंधारात तिचे दात दिसले.

"काय आप्पा?"

"काय न्हाय. जपून जा."